संगणकावरील स्वच्छ ध्वनिमुद्रण

माइकने टिपलेला आवाज संगणकात साठवताना त्यात खरखर, विजेची गुणगुण, खोलीचा घुमारा किंवा फाटलेपणा येऊ न देण्याचे तंत्र. ध्वनिमुद्रण किती स्वच्छ होणार हे बहुतांशी आवाज संगणकात पोचण्याआधीच ठरते. नंतर सॉफ्टवेअरने डागडुजी करता येते, पण मूळ आवाजाला त्याची थोडी झळ लागतेच.

माइकमधून निघणारा विद्युत संदेश जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. प्रीअँप्लिफायर तो कित्येक पटींनी वाढवतो, तेव्हा त्यात मिसळलेली खरखरही तितकीच वाढते. म्हणून पहिला उपाय म्हणजे माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणणे. अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. पंख्याची घरघर आणि घुमारा होता तेवढाच राहतो. महागडा माइक घेण्याआधी हे करून पाहावे. मात्र जवळून बोलताना ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राणांचा झोत आत आदळून ‘धप्प’ असा आवाज उमटतो आणि मराठी वाचनात अशी अक्षरे पावलोपावली येतात. माइक तोंडाच्या रेषेतून किंचित बाजूला घ्यावा किंवा पॉप फिल्टर (माइकपुढे लावायची, श्वासाचा झोत अडवणारी जाळी) लावावा.

गेन, म्हणजे प्रीअँप्लिफायरची आवाज वाढवण्याची पातळी, इतका ठेवावा की सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्य ही मीटरची कमाल मर्यादा; तिथे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि ते पूर्ववत होत नाहीत. २४ बिटच्या (आवाजाची पातळी अधिक बारकाईने नोंदवणाऱ्या) मुद्रणात पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही. आपोआप पातळी वाढवणारी सोय बंद ठेवावी, कारण बोलणारा थांबला की ती शांततेतली खरखर वर काढते.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झवर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर दोष चार्जर किंवा अर्थिंगच्या वाटेत आहे. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असली, तर त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून प्रवाह वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही एकाच बोर्डावर लावल्यास बहुधा तो सुटतो. त्यासाठी अर्थची पिन काढणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये. एक्सएलआर (तीन पिनांच्या) जोडाच्या संतुलित केबलमध्ये आवाजाचा संदेश दोन तारांत एकमेकांच्या उलट असतो आणि शेवटी एकातून दुसरा वजा केला जातो; दोन्ही तारांत शिरलेला गोंगाट सारखाच असल्याने या वजाबाकीत नाहीसा होतो. लॅपटॉपच्या साध्या माइक जॅकला हा लाभ नाही, म्हणून बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणक यांना जोडणारे उपकरण) वापरतात.

फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत घुमारा जास्त असतो. जाड पडदे, गोधड्या, कपड्यांचे उघडे कपाट यांनी तो दबतो. बोलण्यापूर्वी काही सेकंद निव्वळ खोलीची शांतता मुद्रित करावी. ऑडॅसिटीसारखी सॉफ्टवेअरे त्याच नमुन्यावरून उरलेली खरखर ओळखतात.