सीएनजी आणि एलएनजी: वायू एकच, साठवणीचं गणित वेगळं

सीएनजीबद्दल फार सांगायला नको. मिथेन वायू, 200 ते 250 बार दाबाने जाड सिलिंडरमध्ये भरलेला. पाइपलाइनने येतो, पंपावरचा कॉम्प्रेसर दाबतो, गाडीत जातो.

एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, हाही मुख्यतः मिथेनच. म्हणून ‘सीएनजी आणखी दाबला की एलएनजी होतो’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. साफ चूक! सुमारे उणे 82 अंश सेल्सिअसच्या वर मिथेन कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. नेहमीच्या तापमानाला नुसत्या दाबाने द्रव होतो तो एलपीजी. एलएनजी होतो तो थंड करून, उणे 162 अंशांच्या आसपास. आकारमान सुमारे 600 पट घटतं, म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकना तो सोयीचा.

खरी गफलत यापुढे आहे. सीएनजी थांबू शकतो, एलएनजी थांबत नाही. सीएनजीची गाडी महिनाभर उभी ठेवा, सिलिंडर गळका नसेल तर गॅस तेवढाच राहील. एलएनजीची टाकी दुहेरी भिंतींची, मध्ये निर्वात पोकळी, तरी थोडी उष्णता आत झिरपतेच. द्रव उकळत राहतो, दाब चढतो आणि काही दिवसांनी सुरक्षा झडप उघडून वायू बाहेर जातो. पैसे गेलेच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमान वाढवतो. त्यात आधी उडतो तो मिथेनच. एलएनजीत थोड्या प्रमाणात असलेले इथेन, प्रोपेन मागे उरतात आणि अशा शिळ्या इंधनावर इंजिन नॉकिंग करू शकतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठकठक करतं.

पंपाचंही तसंच. गिऱ्हाईक नसेल तर सीएनजीचा पंप नुसता बसून राहतो. एलएनजीच्या पंपावर मात्र उकळलेला वायू वापरायची किंवा पुन्हा थंड करायची सोय नसेल, तर टँकरने आणलेला माल उडत राहतो. त्यामुळे ‘आधी पंप उभारा, ट्रक मागाहून येतील’ हे सीएनजीवरून उचललेलं शहाणपण इथे मला अजिबात मान्य नाही. ठरलेल्या मार्गावर रोज धावणारा ट्रकांचा ताफा आधी बांधून घ्यावा, मगच टाकी बसवावी. पाइपलाइन नसलेल्या जागी तर त्याच साठ्यातला द्रव पंपाने दाबून, त्याचा वायू करून सीएनजीही विकावा, म्हणजे माल लवकर हलतो. सीएनजीच्या पंपावर याच्या उलट करायला गेलात, तर वायू द्रव करणारा कारखानाच उभारावा लागेल.