सुई टोचण्याची इजा : वैद्यकीय व दंत विद्यार्थ्यांमधील प्रतिबंध

रुग्णावर वापरलेली सुई, लॅन्सेट (बोट टोचायचे छोटे पाते), ब्लेड किंवा दातांचे अणकुचीदार हत्यार उपचार करणाऱ्याच्याच हातात घुसणे, म्हणजे सुई टोचण्याची इजा. धुळे, जळगाव आणि २०२० पासून नंदुरबार येथील वैद्यकीय महाविद्यालये व धुळ्याचे दंत महाविद्यालय यांमुळे खानदेशात शिकाऊ डॉक्टर बरेच आहेत. वॉर्डात रक्त काढणे, सलाइन लावणे ही कामे बहुधा इंटर्नकडेच येतात.

सुई बऱ्याचदा लागते ती काम झाल्यावर : टोपण परत बसवताना, ट्रेमध्ये कापसाखाली राहिल्याने, किंवा वापरलेल्या सुयांच्या भरलेल्या डब्यात आणखी एक कोंबताना. म्हणून वापरलेल्या सुईला टोपण लावू नये. ती लगेच हब कटरने (सुई बुडापाशी कापणाऱ्या उपकरणाने) तोडून किंवा तशीच जाड पांढऱ्या डब्यात टाकावी आणि डबा पाऊण भरताच बंद करावा.

दंतशाखेत हा नियम जसाच्या तसा चालत नाही. एकाच रुग्णाला भूल पुन्हा द्यावी लागते, तेव्हा मधल्या वेळेत टोपण लावणे भागच पडते. अशा वेळी टोपण ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुईवर चढवायचे, दुसरा हात दूर. भूल देताना गाल बोटाने न ओढता दात पाहायच्या छोट्या आरशाने ओढावा. हँडपीसमध्ये, म्हणजे दात कोरण्याच्या यंत्रात, राहिलेली ‘बर’ (कोरणारे टोक) हीसुद्धा मनगट ओरबाडते. याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही.

लस नसलेल्याला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. भीती मात्र एचआयव्हीचीच जास्त. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात, तेव्हा ती प्रवेश घेतानाच सुरू झाली तर वॉर्डात जाईपर्यंत पूर्ण होते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी, लस लागू पडली का हे कळण्यासाठी, रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत.

टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, बोट तोंडात घालू नये. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. सीनियर रागावतील म्हणून गप्प बसणाऱ्या इंटर्नचे हेच तास वाया जातात. त्यामुळे रात्रपाळीतही कुणाला कळवायचे आणि औषध कुठे मिळेल, हे वॉर्डात लिहून लावणे हा प्रतिबंधाचाच भाग मानावा.

सातपुड्यातील पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी बोटाला टोचून रक्त घेतात. तिथे सुयांचा हा पांढरा डबा सोबत न्यावा लागतो आणि बंद करून परतही आणावा लागतो.