बूट न होणे (ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्यानंतर)

नवी ऑपरेटिंग सिस्टीम शेवटपर्यंत बिनबोभाट बसली, आणि पहिल्याच रीस्टार्टला पडदा काळा राहिला किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी एखादी ओळ येऊन थांबली, तर संगणक बूट झाला नाही असे म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत ही तक्रार ‘विंडो टाकली तेव्हापासून उठतच नाही’ अशी ऐकू येते. टाकलेली सिस्टीम उबुंटू, म्हणजे लिनक्सची एक जात, असली तरी बोलण्यात ती ‘विंडो’च.

‘बूट’ या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. बुटाची पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलायचे, या इंग्रजी कल्पनेतून ‘बूटस्ट्रॅप’ आला आणि पुढे त्याचे नुसते ‘बूट’ झाले. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच भरलेला प्रोग्राम, जागा होतो, मेमरी आणि कीबोर्ड तपासतो आणि डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतो. बूटलोडर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, चढवतो, आणि बाकीचे सगळे कर्नल पाहतो. प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. सिस्टीम नुकतीच बसवली असेल तर बहुतेक वेळा हा पत्ताच चुकलेला असतो. सिस्टीम आणि फायली डिस्कवर जशाच्या तशा असतात. म्हणून ‘पुन्हा फॉरमॅट मारू’ हा दुकानात सर्रास दिला जाणारा सल्ला सगळ्यांत शेवटी ऐकावा.

सर्वांत आधी पेनड्राइव्ह काढून पाहावा. ज्यावरून सिस्टीम बसवली तोच यूएसबीत राहिला, तर यंत्र पुन्हा त्याच्याकडेच वळते.

पत्ते ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी बायोसची, १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची. तिच्यात डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, सगळे कोंबलेले असते: ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट कोड, ६४ बाइटांत चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, नोंद आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. नवी पद्धत यूईएफआयची. तिचा फोरम २००५ मध्ये स्थापन झाला. तिच्यात जीपीटी या नव्या नोंद-पद्धतीच्या डिस्कवर ईएसपी नावाचे एक छोटे फॅट पार्टिशन असते, बूटलोडर त्यात साध्या फायलीसारखा राहतो, आणि कोणती फाइल उघडायची हे मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत टिपून ठेवतो.

गोंधळ होतो तो या दोन्ही पद्धती चालणाऱ्या यंत्रांत. एफ१२ किंवा तत्सम कळ दाबून बूट मेनू उघडला की एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. घाईत नुसता निवडला तर विंडोज जुन्या पद्धतीने एमबीआर डिस्कवर बसते. नंतर सेटिंग फक्त यूईएफआयवर गेले की फर्मवेअरला त्या डिस्कवर बूट करण्यासारखे काहीच सापडत नाही. डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे पाहायला विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञेत ‘लिस्ट डिस्क’ द्यावे. जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर ती नव्या पद्धतीची. उपाय म्हणजे फर्मवेअरचे सेटिंग डिस्कशी जुळवणे, किंवा २०१७ पासून विंडोज १० सोबत मिळणाऱ्या ‘एमबीआरटूजीपीटी’ने फायली न पुसता डिस्कचा प्रकार बदलून घेणे.

इंदूरच्या रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या कॉम्प्युटर बाजारात जुन्या डेस्कटॉपला एसएसडी लावून घेणारे पुष्कळ येतात, आणि दोन डिस्कांचा घोळ तिथूनच सुरू होतो. जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवूनच नव्या एसएसडीवर विंडोज टाकली, तर इन्स्टॉलर कित्येकदा बूटच्या फायली जुन्या डिस्कवरच्या आयत्या पार्टिशनमध्ये ठेवतो. यंत्र झकास चालते. महिन्याभराने खडखड करू लागली म्हणून ती जुनी डिस्क काढतात, आणि काका दुकानात परततात: ‘भैया, एसएसडी तर नवी घेतली होती, चालूच नाही होत आहे.’ एसएसडीचा यात काही दोष नसतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडावी, एसएसडीवर लहानसे ईएसपी बनवून त्याला एखादे अक्षर द्यावे आणि ‘बीसीडीबूट’ या आज्ञेला विंडोजच्या फोल्डरचा पत्ता द्यावा, बूटच्या फायली तिथे नव्याने तयार होतात. त्या खिडकीत विंडोजचे ड्राइव्ह ‘सी’च असेल असे नाही, ‘डी’ किंवा ‘ई’सुद्धा असू शकते, आधी ‘डिर’ (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) देऊन खात्री करावी. सगळीकडे सुचवला जाणारा ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ हा आज्ञेचा उपाय फक्त जुन्या पद्धतीच्या डिस्कला उपयोगी आहे, जीपीटीवर तो चालवून पदरात काही पडत नाही. मुळात सिस्टीम टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवली तर यातले काहीच करावे लागत नाही.

लिनक्स आणि विंडोज शेजारी नांदवणाऱ्या विद्यार्थ्यांचे दुखणे वेगळे असते. लिनक्सनंतर विंडोज टाकली की ती स्वतःचा पत्ता पहिला लावते. लिनक्स गेलेले नसते, यूईएफआय यंत्रात ते बूट क्रमात खाली ढकललेले असते. याउलट विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले, तर जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ येते, कारण ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, पहिला तुकडा एमबीआरमध्ये राहतो आणि बाकीचा भाग पार्टिशनबरोबर जातो. ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असतो, त्यामुळे मेनूत विंडोज दिसली नाही म्हणून ती उडाली असे समजू नये.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आले तर फर्मवेअरमधले साटाचे (डिस्क जोडणीचे) सेटिंग ‘एएचसीआय’ आणि ‘रेड’ (RAID) या दोन पर्यायांत बदलले गेले आहे का ते पाहावे. लिनक्समध्ये लोगो येऊन पडदा काळा पडत असेल तर ग्राफिक्सची शंका घ्यावी. बूट करताना कर्नलला ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन एकदा आत शिरता येते. सिक्युअर बूट विंडोज ८ सोबत, २०१२ मध्ये घरोघरी पोचले; सही नसलेला बूटलोडर ते अडवते. पण बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असताना सिक्युअर बूट बंद करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. ती नसेल तर डिस्कवरच्या फायली कोणत्याही दुकानात उघडून मिळत नाहीत.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, हा तसा फुटकळ भाग. पण सिस्टीम टाकून महिने लोटल्यावर तो भलत्याच वेळी आठवण करून देतो. राजेंद्रनगरातले एखादे कुटुंब मेन स्विच बंद करून आठ दिवस पुण्याला जाऊन येते आणि घरी आल्यावर संगणक बूट होत नाही. सेल संपलेला असतो, वीज तुटताच फर्मवेअरची सेटिंगे कारखान्यातल्या मूळ रूपात गेलेली असतात, आणि बूटची पद्धतही त्यांच्यासोबत बदललेली असते. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले की नेम सेलवरच धरावा, आणि सेल बदलल्यावर पद्धत पुन्हा डिस्कशी जुळवून द्यावी.