उन्हाने वाढलेला रूळ आणि आकसलेली फळी

वैशाखात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी, गच्चीवरच्या खोलीतल्या लेआउटवर, म्हणजे लाकडावर मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, रूळ उचलला गेला की बघणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: ऊन केवढं आहे, रूळ तापून वाढले. ग्वाल्हेरात त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात असतो, त्यामुळे हे लगेच पटतं. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. त्या समजुतीपायी एकदा चांगला रूळ कापला आणि पौषात त्याची किंमत मोजली.

रूळ उचलला जाण्याची कारणं दोन आहेत. धातू तापून लांबतो, हे एक. खालचं लाकूड सुकून आकसतं, हे दुसरं. दिसतं मात्र अगदी सारखं. रूळ खिळ्यांतून सुटून कमानीसारखा वर येतो किंवा बाजूला वाकतो, आणि गाडी नेमकी तिथे घसरते. उलट बाजूलाही तसंच. गारठ्याने धातू आखडला तरी जोडात फट पडते आणि ओलीने लाकूड फुगलं तरी फटच पडते.

दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत पाहायच्या तर बैलगाडीचं चाक आठवावं. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवतो, ती वाढलेली असतानाच चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. धाव गार होऊन आवळते ती अशी, की आरे आणि पुठ्ठे (कडेचे लाकडी तुकडे) एकजीव होतात. हे काम उष्णतेचं. तेच चाक उन्हाळाभर उभं राहिलं की लाकूड सुकतं, धाव सैल होऊन खडखडायला लागते, आणि शेतकरी चाक काढून पाण्यात भिजत टाकतो. धावेला कुणी हातही लावलेला नसतो. लाकूड फुगतं आणि ती पुन्हा घट्ट बसते. हे काम पाण्याचं. सैल धाव घेऊन कुणी आधी भट्टीकडे धावत नाही. आपण लेआउटवाले मात्र तसंच करतो.

आधी उष्णतेचा हिशेब. मॉडेलचे चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त. हा मिश्रधातू दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत साधारण १६ भाग वाढतो. माझ्या भिंतीलगतचा सरळ रूळ ३ मीटरचा आहे. पौषातल्या पहाटे ती खोली ८ अंशांवर असते, वैशाखातल्या दुपारी ४३ वर. फरक ३५ अंशांचा. गुणाकार केला तर ३ मीटरच्या रुळाची वर्षाची सगळी वाढ पावणेदोन मिलिमीटरच्याही आत बसते. तीसुद्धा तीन-चार जोडांत वाटली जाते. प्रत्येक जोडात अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली, की उष्णतेचं सगळं देणं फिटलं.

आता माझ्या लेआउटचा दुसरा हात. तो खिडकीच्या बाजूचा, जेमतेम ९० सेंटिमीटरचा. तिथे प्लाय कमी पडला म्हणून मी वाड्यातल्या जुन्या दाराच्या फळ्या शेजारी शेजारी चिकटवून पाट केला आणि रूळ त्या फळ्यांना आडवा टाकला. टाकला तो भाद्रपदात. पहिल्याच वैशाखात तो उचलला गेला. ३ मीटरच्या सरळ रुळाला काही झालं नव्हतं, ९० सेंटिमीटरच्या या तुकड्याला मात्र बोटभर उंच कमान आली होती. खरं तर निदान तिथेच व्हायला हवं होतं. उष्णतेची वाढ लांबीच्या प्रमाणात असते. लांब रूळ गप्प आणि आखूड रूळ वाकला, तर दोष उन्हाचा असूच शकत नाही. ९० सेंटिमीटरला त्या ३५ अंशांनी वाढ होते अर्धा मिलिमीटर. फळ्यांच्या कडांवर पेन्सिलीच्या खुणा करून मी पुढच्या वर्षी मोजलं: भाद्रपद ते वैशाख या काळात तो पाट रुंदीत ८ मिलिमीटरने आत आला होता. सोळापट.

लाकडाचं असं का होतं, तर ते म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असते. हवेतली ओल नळ्यांच्या भिंतींत शिरते आणि भिंती जाड होतात. नळ्या लांब होत नाहीत. म्हणून फळी लांबीला जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि रुंदीला फुगते किंवा आकसते. श्रावणात जुनं फळ्यांचं दार चौकटीच्या बाजूला अडकतं, वर-खाली नाही, ते यामुळेच. प्लायमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, प्रत्येक पापुद्रा शेजारच्याला रुंदीला हलू देत नाही. माझा ३ मीटरचा रूळ प्लायवर होता. शांत राहिला तो त्या कारणाने.

मी त्या वैशाखात काय केलं, तर कमानीच्या जागी रूळ ६ मिलिमीटर कापून काढला. कमान बसली, समाधान वाटलं. पावसाळ्यात ती खोली ठिबकते म्हणून लेआउटवर प्लास्टिक घालून ठेवतो, त्यामुळे चार महिने कुणी पाहिलं नाही. नाताळच्या सुटीत पुतण्या आला. दाट धुकं होतं, दुपारी बारापर्यंत सूर्य नव्हता. त्याने डिझेल इंजिन सोडलं, ते खिडकीच्या बाजूला गेलं आणि थेट जमिनीवर. फळ्या फुगून परत बाहेर आल्या होत्या, रूळ गारठ्याने आखडला होता, आणि कापलेल्या जागी अशी फट पडली होती की दोन रुळांना जोडणारी जोडपट्टीही निसटून लोंबत होती.

"काका, थंडीने रूळ एवढे आखडतात?" त्याने विचारलं.

मी फट मोजली. ६ मिलिमीटरपेक्षा जास्त. ९० सेंटिमीटरच्या रुळाने अर्धा मिलिमीटर आखडायला हवं होतं. त्या पोराच्या प्रश्नापाशी मला पहिल्यांदा फळीचा संशय आला.

हा गोंधळ आपल्याकडे विशेष होतो, त्याला इथली हवा कारण आहे. ग्वाल्हेरचा वैशाख उष्ण आणि कोरडा, म्हणजे रूळ सर्वांत लांब आणि लाकूड सर्वांत अरुंद, दोन्ही एकाच वेळी. पौष थंड आणि धुक्याचा, म्हणजे रूळ आखूड आणि लाकूड पावसाळ्यातली ओल धरूनच. दोघं नेहमी एकाच बाजूला ढकलतात, म्हणून एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. डोंबिवलीच्या माझ्या मावसभावाकडे असं होत नाही. तिथला मे महिना गरम असला तरी दमट असतो, लाकूड फारसं सुकत नाही.

खऱ्या रेल्वेचं ज्ञानही इथे दिशाभूल करतं. आपल्या स्टेशनावरून दिल्ली-झाशी मार्ग जातो; उन्हाळ्यात रूळ वाकला का आणि हिवाळ्यात तडकला का, हे पाहायला गस्त असते, हे आपण ऐकून असतो. पोलाद दर अंशाला दहा लाखांत साडेअकरा भाग वाढतं. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकात ६ मिलिमीटर. लांब जोडलेले रूळ मधल्या तापमानाला पक्के करतात, म्हणजे उन्हाळ्यातला दाब आणि हिवाळ्यातला ताण दोन्ही झेपतात. सगळा खटाटोप उष्णतेशी. कारण खाली काँक्रीटचे स्लीपर आणि खडी आहे, ती श्रावणात फुगत नाही. आपल्या रुळाखाली लाकूड आहे, आणि आपली निम्म्याहून जास्त दुखणी तिथली आहेत.

दोघांना वेगळं ओळखायची माझी रीत साधी आहे. उष्णता तासाभरात काम करते, ओल आठवडे घेते. पातळ व्हिजिटिंग कार्ड घ्यायचं, पहाटे सहाला जोडाच्या फटीत घालून पाहायचं आणि त्याच दिवशी दुपारी तीनला. पहाटे सहज गेलं आणि दुपारी अडलं, तर उष्णता. सकाळ-दुपार सारखंच बसलं, पण गेल्या महिन्यापेक्षा फट बदलली, तर लाकूड.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या घराघरांत आहे: कूलर. सुक्या लूच्या दिवसांत कूलर लावला की खोली गार होते आणि त्याच वेळी दमट होते. उघड्या फळीची वरची बाजू आधी ओल पिते, खालची कोरडीच राहते, आणि फळी मधे उचलली जाते. रात्री कूलर, दिवसा बंद, असं चाललं तर कार्डाची परीक्षाही फसते. पुतण्या घामाघूम होऊन विचारतो, "काका, कूलर लावू का?" मी म्हणतो, "लाव, पण झोत फळ्यांवर नको." आणि त्या दिवशीचं माप वहीत लिहीत नाही.

इलाज दोन वेगळे आहेत आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. उष्णतेसाठी फटी ठेवायच्या. जोडांना सरसकट डाग (सोल्डर) देऊन टाकायचा नाही, रूळ जोडपट्टीत सरकता ठेवायचा आणि इंजिनाला रुळांतून मिळणारी वीज जोडपट्टीवर न सोपवता प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार द्यायची. रूळ दुपारी टाकत असाल तर फट नावाला, पहाटे टाकत असाल तर कार्डाएवढी. लाकडासाठी फटी किती ठेवणार? ८ मिलिमीटरच्या फटीवरून कोणतंच चाक जात नाही. तिथे प्लायच हवा, आणि सीलर, म्हणजे ओल अडवणारा लेप, वरून, खालून, चारी कडांना. फक्त वरची बाजू रंगवून थांबणं सर्वांत वाईट, कारण मग ओल एकाच बाजूने आत-बाहेर करते आणि फळी पिळते. फळ्याच वापरायच्या असतील तर रूळ त्यांच्या लांबीच्या दिशेने जाऊ द्यावा. टाकायचा महिना म्हणाल तर फाल्गुन: हवा ना ओली ना भाजकी, धातूही मधल्या तापमानाला.

बाकी ऋतूंच्या लहानसहान कटकटी यात मिसळू नयेत. ज्येष्ठात धुळीचं वादळ येऊन गेलं की इंजिन अडखळतं ते धुळीने. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की चालतं. थंडीत सकाळी इंजिन जड वाटतं ते तेल घट्ट झाल्यामुळे; दहा मिनिटं हळू फिरवावं.

मला हा छंद लागला तो ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास महालातली चांदीची गाडी पाहून. जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर काचेच्या सुरया वाहणारे डबे. आणि खरी छोटी गाडीही होतीच की आपल्याकडे: माधवराव शिंद्यांच्या काळातली दोन रुळांत ६१० मिलिमीटर अंतर असलेली, ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत जाणारी, २०२० पर्यंत धावलेली. खिडकीच्या बाजूला आता तीच मांडायला घेतली आहे. जुन्या फळ्या काढल्या, प्लाय घातला, सहाही बाजू सील केल्या, फाल्गुनात रूळ टाकला. परवा भर दुपारी तीनला, खोली ४२ अंशांवर असताना कार्ड घातलं. किंचित घट्ट, पण गेलं. पुतण्याने वहीत तारीख घातली आणि गाडी सोडली.