उधाणाचं पाणी आणि वादळाचं पाणी

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या वर्तमानपत्रांत साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांच्या तारखा छापून येतात. चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघालं की हवामान खात्याच्या पत्रकात पाणी ‘१ ते २ मीटर’ चढेल असं लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे समुद्राचेच, म्हणून माणूस ते सहज शेजारी ठेवतो. साडेचार मीटर तर दर वर्षी बघतो, मग दोन मीटरचं काय एवढं? हा हिशेब जिवावर बेतू शकतो.

भरतीची उंची मोजतात ती जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईतली साडेचार मीटरची भरती समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा साधारण दोनच मीटर वर असते. वादळाचे ते १ ते २ मीटर मात्र त्या घटकेला जी भरती किंवा ओहोटी असेल तिच्या वर चढतात. म्हणजे या दोन आकड्यांची तुलना करायचीच नसते, बेरीज करायची असते.

उधाण चंद्र-सूर्याचं. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, आणि त्या दिवशी नि पुढचे एक-दोन दिवस पाणी सगळ्यात वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. पुढच्या वर्षीचं उधाण आज सांगता येतं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तर छापील तक्त्याचीही गरज नव्हती: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडं इकडे-तिकडे.

वादळाच्या पाण्याला तिथी नाही. हवामानशास्त्रात त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्र थोडा फुगतो. एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब उतरला की साधारण एक सेंटिमीटर. खरं काम करतो तो वारा. तो तासन् तास पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खालून परत जायला वाव राहत नाही. बंगालच्या उपसागराचं टोक उथळ आणि निमुळतं आहे, म्हणून १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे लाखो माणसं गेली. शिवाय हे पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. वादळ सरकतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर आपल्याकडे उजव्या हाताच्या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो. मार तिथे जास्त.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ घ्या. मुंबई, ठाणे, रायगडसाठी १ ते २ मीटरचा इशारा होता. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी ओसरत असताना. शिवाय मुंबई वादळाच्या डाव्या हाताला राहिली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोलीकडे वाऱ्याने घरं, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, ते नुकसान विसरण्यासारखं नाहीच. पण समुद्राच्या पाण्याच्या बाबतीत आपण वेळेमुळे बरंच वाचलो, आणि हे फार थोडे लोक बोलतात. तेच वादळ दोन दिवसांनी वटपौर्णिमेला, ऐन भरतीच्या वेळी आलं असतं तर?

उत्तर पूर्व किनाऱ्याने दिलं आहे. २६ मे २०२१ ला यास वादळ ओडिशात बालेश्वरजवळ चढलं. वाऱ्याने ते आदल्या वर्षीच्या अम्फानपेक्षा कमी जोराचं. पण दिवस बुद्धपौर्णिमेचा आणि वेळ सकाळच्या भरतीची. वादळाचा डोळा, म्हणजे केंद्र, ओडिशात असूनही पश्चिम बंगालमध्ये दिघाच्या समुद्रभिंतीवरून पाणी आत आलं, सुंदरबनातले मातीचे बांध फुटले, शेतात आणि तळ्यांत खारं पाणी शिरलं. रायगडच्या खारभूमीवर भात लावणाऱ्याला खारबांध फुटणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागणार नाही.

तापमानवाढ या दोन्ही पाण्यांना खालून उचलते. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. उधाण आणि वादळ दोघंही आता त्या वाढलेल्या पातळीवरून सुरुवात करतात. त्यात अरबी समुद्र तापतो आहे आणि गेल्या काही दशकांत तिथली चक्रीवादळं वाढली आहेत.

म्हणून इशारा आला की आधी त्या दिवसाची भरतीची वेळ आणि उंची बघा, मग पत्रकातला आकडा तिच्यात मिळवा. वादळ ओहोटीला येणार असं सांगितलं असलं, तरी बेरीज पूर्ण भरतीची धरून करा. वादळाच्या वेळेत तीन-चार तासांची चूक सहज पडते, आणि उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर तेवढ्या वेळात पाणी दोन मीटरहून जास्त चढू शकतं.