स्लॅब टाकण्याआधी नकाशा दाखवा

“स्लॅब झालाय, आता पावसाचं पाणी आणि सोलर बघून घ्या.” आम्ही घरांना पावसाच्या पाण्याची आणि सोलरची सोय करून देतो; निम्मे फोन आम्हाला असेच येतात. काम तेव्हाही होतं. पण पाइप न्यायला कोअर कटिंग (तयार स्लॅबला मशीनने भोक पाडणं) करावं लागतं, आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे स्लॅब-सळईचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला, विचारावं लागतं आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असेल तर तेही फोडावं लागतं. सेंटरिंगवर (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्यावर) सळई बांधतानाच पीव्हीसी पाइपचे चार तुकडे ठेवले असते, तर एवढ्यावर भागलं असतं.

बाथरूमचं पाणी बागेला वापरायचं असेल, तर त्याची लाइन संडासाच्या लाइनपासून पहिल्यापासूनच वेगळी हवी. टाइल्स बसल्यावर ते जवळजवळ अशक्य.

सोलरला १ किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. बहुतेकांची पाण्याची टाकी वास्तूप्रमाणे नैऋत्येला असते आणि हिवाळ्यात दुपारनंतर तिची लांब सावली नेमकी पॅनेलवर येते. टाकी हलवा असं आम्ही म्हणत नाही. टाकी, जिन्याची खोली आणि पॅनेल यांच्या जागा नकाशावरच एकत्र ठरवल्या, की वास्तू आणि सोलर दोन्ही साधतं.

“प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा लहान आहे, आम्हाला रेनवॉटरची (पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची) सक्ती नाही,” असंही ऐकतो. सक्ती नसेल, पण हिशोब बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर धरला, तर १०० चौरस मीटर गच्चीवर ७०,००० लिटर पडतं. गळती-बाष्प वजा जाता ५५,००० तरी हाती लागतं. टँकरचे पैसे मोजणाऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आमचा दर जास्त वाटतो तो बहुधा फिल्टरमुळे. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि फिल्टर बसवल्याशिवाय आम्ही गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कबुतरांची घाण एकदा खाली गेली, की ती त्याच पाण्यात उतरते जे तुम्ही आणि शेजारी उपसता.

फोनवर दर न सांगण्याचं कारण असं: गच्चीचा उतार, डक्टची (पाइप खाली नेण्याच्या पोकळीची) जागा आणि बोअरचं अंतर पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा पुढे बदलतो, आणि मग वाद होतो. नकाशा पाहण्याचे पैसे घेत नाही. प्लिंथचं (जोत्याचं) काम चालू असतानाच आर्किटेक्टना घेऊन या. येताना गच्चीचा आणि ड्रेनेजचा ड्रॉइंग तेवढा आणा.