मृत्युपत्रांच्या दप्तरातले पूर्वज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्या वाडवडिलांनीच सांगून ठेवलं आहे. त्यातले काही मात्र मेल्यानंतर कोर्टात गेले, आणि तिथल्या कागदांत अजून सापडतात. खापरपणजोबांचा माग काढणारा मराठी माणूस आधी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची वही गाठतो, नाहीतर छापील कुलवृत्तांत चाळतो. मुंबईच्या प्रोबेटच्या कागदांकडे तो सहसा वळत नाही. वळला आणि हात हलवत परतला, तरी त्याचं कारण बहुतेक वेळा इतिहासात असतं.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. त्याच्या जोरावर मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर मयताची मिळकत ताब्यात घेतो आणि वाटतो. ही पद्धत इंग्लंडची. तिथे १८५८पर्यंत हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं. त्यांतल्या कँटरबरीच्या न्यायालयाची १३८४पासूनची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं आज लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यामुळे इंग्रज माणूस पूर्वजांचा शोध बिनदिक्कत तिथून सुरू करू शकतो. मुंबईत ही पद्धत १७२६च्या सनदेने आली. त्या सनदेने स्थापन झालेल्या मेयर्स कोर्टाला प्रोबेट देण्याचा अधिकार होता. पुढे १७९८ साली रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२मध्ये हायकोर्ट आलं, आणि दर वेळी हा अधिकार नव्या कोर्टाकडे गेला. मुंबईत वारलेल्या युरोपीय लोकांच्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

आपल्या घरांत मात्र मृत्युपत्राला जागाच नव्हती. वडिलोपार्जित मिळकत एकत्र कुटुंबाची, ती एकट्याने लिहून द्यायची कशी? आजोबा गेले की त्यांचा हिस्सा बाकीच्यांच्या हिश्श्यात मिसळून जाई. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत एकत्र मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देता येत नसे. मृत्युपत्र चालायचं ते स्वकष्टार्जित मिळकतीपुरतं. म्हणून या दप्तरात कोकणातला खोत किंवा देशावरचा पाटील शोधणं व्यर्थ. तिथे भेटतो तो मुंबईत येऊन कंत्राटं घेतलेला, पेढी घातलेला, गिरगावात चाळ बांधलेला माणूस. खेरीज स्त्रीधन बाळगून असलेल्या बायकाही भेटतात.

शोधताना तारखा फार महत्त्वाच्या. १८६५चा वारसा कायदा हिंदूंना लागू नव्हता. हिंदू विल्स अ‍ॅक्ट आला १८७० साली, तोही फक्त बंगालचा काही भाग, मद्रास शहर आणि मुंबई शहर यांच्यापुरता. १ सप्टेंबर १८७०पासून या भागांत हिंदूचं मृत्युपत्र लेखी, सही केलेलं आणि दोन साक्षीदारांचं असावं लागलं, आणि त्याच्या आधारे हक्क सांगायचा तर प्रोबेटही घ्यावं लागलं. त्याआधी तोंडी सांगितलेलंही चालत असे आणि प्रोबेटची सक्ती नव्हती. सगळीकडच्याच हिंदूंना लेखी मृत्युपत्राची अट लागली ती १ जानेवारी १९२७पासून. तेव्हाही प्रोबेटची सक्ती आधीच्या त्या भागांबाहेर आली नाही. त्यामुळे पणजोबा मुंबईत घर ठेवून १८९०मध्ये वारले असतील तर आशा धरायला हरकत नाही. पुण्यात वारले आणि मिळकतही पुण्यातच, तर प्रोबेटचा नाद सोडून जिल्हा न्यायालयाच्या वारस दाखल्यांकडे वळावं. हा दाखला मुंबई सरकारच्या १८२७च्या आठव्या रेग्युलेशनने सुरू केला, आणि महाराष्ट्रात तो आजही त्याच रेग्युलेशनखाली मिळतो. दोनशे वर्षं टिकलेला कायदा म्हणून त्याचं कौतुक करावं की काळजी, हे ज्याने दाखल्यासाठी खेटे घातले आहेत त्याने ठरवावं.

प्रोबेटची फाइल हाती लागली तर ती वंशावळीपेक्षा बोलकी निघते. अर्जात मृत्यूची तारीख, ठिकाण आणि जवळच्या नातलगांची नावं नात्यासकट असतात. सोबत साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आणि मिळकतीची यादी: घरं, रोखे, दागिने, येणी, देणी. मृत्युपत्र मराठीत, बाळबोध किंवा मोडी लिपीत असेल तर कोर्टाच्या भाषांतरकाराने केलेलं इंग्रजी भाषांतर जोडलेलं असतं. आपली वंशावळ मुलाकडून मुलाकडे धावते आणि लेकीसुनांना गाळते. मृत्युपत्र लिहिणाऱ्याला मात्र विधवा बहिणीच्या महिन्याच्या खर्चाची सोय करायची असते, बायकोला कोणती खोली द्यायची ते सांगायचं असतं, म्हणून त्याला या बायकांची नावं घ्यावीच लागतात. १९५६नंतर तर मुलगी पहिल्या वर्गातली वारस झाली, आणि घरच्या वंशावळीत नसलेली आत्या अर्जात मुलग्यांच्या बरोबरीने दिसू लागली.

अडचण येते ती नावांची. जुन्या कागदांत माणूस अनेकदा स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने येतो, आडनाव नसतंच. त्यात कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं. आडनावावर भिस्त ठेवली तर सूचीत काही सापडत नाही. वडिलांचं नाव, गल्ली आणि धंदा यांच्यावरून शोधावं लागतं.

वतनदार घराण्यांचे कोर्टातले कागद मात्र याहून कितीतरी जुने आहेत, फक्त ते मृत्यूचे नसून भांडणाचे आहेत. पाटीलकी-कुलकर्णीपणाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे, गेला की दोन्ही पक्ष आपापला करीना सादर करत, म्हणजे मूळ पुरुषापासून हक्क कसा चालत आला त्याची हकीकत. निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकालपत्र, होई, त्यावर हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या पडत. पुढे इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामदारांकडून पुरावे मागवले तेव्हा पुन्हा वंशावळी लिहिल्या गेल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, सोडणाऱ्यांना त्या भेटतात. अर्थात करीना लिहिणाऱ्याला तंटा जिंकायचा असे. त्याने मूळ पुरुष एखादी पिढी मागे नेला असेल तर नवल नाही.

गोव्याकडच्या घराण्यांचा मार्ग आणखी निराळा. तिथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०मध्ये लागू झाली. मृत्युपत्र नोटरीच्या वहीत लिहिलं जाई, प्रोबेटचा प्रश्नच नव्हता. वाटणीचा खटला म्हणजे इन्व्हेंटरी. तिच्यात कुटुंबप्रमुखाने शपथेवर सगळे वारस, त्यांचे जोडीदार आणि मिळकतीची यादी सांगायची. जोडीदाराचा अर्धा वाटा कायद्यानेच ठरलेला असल्यामुळे सुनेचं आणि जावयाचंही नाव तिथे चुकत नाही. काणकोणहून मुंबईला येऊन धोबी तलावाला घर केलेल्या माणसाची म्हणूनच दोन दप्तरं धुंडाळावी लागतात: मुंबईतल्या मिळकतीचं हायकोर्टात, आणि गावच्या माडांचं मडगाव किंवा पणजीला.